एक माप मोठी

आमच्या रविवारच्या सायकल गटात सहा-सात निवृत्त माणसं. भूगावहून निघायचं, पौडला चहा घ्यायचा आणि परत. आठ वर्षं मी सगळ्यांच्या पुढे असायचो. चढ संपला की मागे वळून कोण कुठे राहिलं ते पाहायचं, हे माझं आठवड्याचं सुख.

मग मुठा गावचा एक शेतकरी आम्हाला येऊन मिळाला. माझ्याच वयाचा, दूध घालायची काळी सायकल, पायात चपला. पहिल्याच दिवशी चढावर तो माझ्या शेजारून गेला. जाताना म्हणाला, "सायेब, दमला व्हय? या सावकाश. च्या सांगून ठेवतो." सगळे हसले. मीही हसलो, पण पौडला माझ्या चहाचे पैसे माझे मीच दिले. पुढे प्रत्येक रविवारी त्याचंच कौतुक. माझ्या हेल्मेटकडे आणि गिअरकडे कोणी बघेनासं झालं.

त्याने नवी सायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा तो माझ्याकडेच आला. "डांबरावरबी पळावी अन् धरणाकडच्या रानवाटंनंबी जावी, अशी बघून द्या. तुमास्नी कळतं त्यातलं."

मी दुकानात सोबत गेलो. टायर फार जाड नको, रस्त्यावर ओढतो. फार बारीक नको, मुरमावर घसरतो. पुढे शॉकअप नको, उगाच वजन. चढासाठी हलके गिअर, डिस्क ब्रेक. हे सगळं मी प्रामाणिकपणे निवडलं. फक्त फ्रेम एक माप मोठी सांगितली.

"सायकलीला बी माप आसतं? चपलंवानी?" तो हसला.

दुकानदार म्हणाला, "काका, यांना मिडीयम बसेल." मी म्हणालो, "लांबच्या पल्ल्याला मोठीच बरी." दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. शेतकरी म्हणाला, "सायेब म्हनत्यात तीच द्या."

हँडल गाठायला त्याला पुढे ताणून वाकावं लागे. दोन महिन्यांत मान आखडली, बोटं बधिर पडू लागली. सीट पुढे घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. जुनी काळी सायकल त्याने नवी घेताना दुकानातच देऊन टाकली होती. एकदा फोनवर म्हणाला, "वय झालं म्हनायचं, दुसरं काय." मी म्हणालो, "चालायचंच." मग त्याने येणं सोडलं. तो का येत नाही असं गटात विचारलं तेव्हा त्याचं वय झालं असंच मी सांगितलं, वर खेद दाखवला. त्या रविवारी चढावर मी पुन्हा पहिला होतो.

अशी दोन वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात मी मुठ्याला त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. दूध आता मुलगा मोटारसायकलवरून नेत होता. नवी सायकल भिंतीला टेकवलेली, तिच्यावर पोती वाळत घातलेली. "आता आपलं काय ऱ्हायलं, सायेब? तुमी पळवताय, बरं वाटतं बघून." हे त्याने इतक्या साध्या मनाने म्हटलं की मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं.

त्याने भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोन वर्सं मी सोताला म्हातारा समजत व्हतो. सायकल गेली ती गेली, मी शेतात जायाचंबी कमी केलं."

मी हात जोडले. तो म्हणाला, "माज्याम्होरं नगं. ज्यास्नी माजं वय झालं म्हनून सांगितलं, त्यास्नी सांगा."

पुढच्या रविवारी पौडच्या टपरीवर मी सांगितलं. एकाने चहा अर्धाच ठेवला आणि निघाला. तोंडी सांगितलेलं लोक आपापल्या परीने वळवतात, म्हणून इथे लिहून ठेवतो: त्याचं वय झालेलं नव्हतं. तो माझ्यापेक्षा चांगला सायकल चालवत होता आणि मला ते बघवत नव्हतं.

महिन्याभराने तो गटात परत आला. या वेळी सायकल दुसरी, बरोबर मापाची होती. सगळे भोवती जमले, कुठून घेतली, कोणी निवडली विचारू लागले. "सुनेला नेलं व्हतं संगट," तो अभिमानाने म्हणाला. "तिनं दोन तास मला समद्या सायकलींवर बसवून बघितलं." माझ्याकडे वळून त्याने रामराम केला, पण सायकलीबद्दल काही विचारलं नाही.

मी बाजूला उभा राहून चेन पुसत होतो. त्याच्या सुनेला मी कधी पाहिलेलंही नाही. तरी तिचा मला फार हेवा वाटला.