साडूभाऊंचा हुंकार

जगात शिकण्यासारखं जे जे आहे ते सगळं डोळे मिटून शिकता येतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लहानपणी आजोळच्या विहिरीच्या पायरीवर ते म्हणे अख्खी सुट्टी नुसते बसून होते. बाकीची मुलं नाकातोंडात पाणी घेत पोहायला शिकली. सुट्टी संपता संपता हे उठले, सदरा काढला, विहीर आरपार पोहून गेले आणि पलीकडच्या पायरीवर पुन्हा डोळे मिटून बसले. नेरूळच्या सोसायटीत त्यांची नवी स्कूटर आली तेव्हा रोज संध्याकाळी ती स्टँडवर चढवून हे वर ध्यानस्थ. वॉचमन काळजीने विचारायचा, "साब, पेट्रोल खतम हो गया क्या?" एका रविवारी त्यांनी किक मारली ती थेट उरणपर्यंत जाऊन आले. कोपर तेवढं सोललेलं होतं. म्हणाले, "सगळं मनात पक्कं होतं हो शरदराव. फक्त ते कुत्रं मनात नव्हतं."

माझं बरोबर उलट. मी आधी बटण दाबतो, मग माहितीपत्रक वाचतो आणि मग दुरुस्तीवाल्याला बोलावतो. आमचा मिक्सर आणि व्हीसीआर दोघेही याची साक्ष देतील.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर साडूभाऊंच्या उरणकडच्या गोदामाच्या कचेरीत कॉम्प्युटर आले आणि हुकूम निघाला: कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर नागपूरच्या गोदामात जा, तिथे अजून सगळं हातानेच चालतं. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, इथल्या शाळेत शिकवायच्या. म्हणजे साडूभाऊ नागपूरला एकटे. ताईंनी धसकाच घेतला. या माणसाला दुधाजवळ उभं केलं तर दूध उतू जाऊन, पातेलं करपून, धूर पाहून शेजारी धावत आले तरी हे तिथेच उभे, चेहऱ्यावर समाधान. एकट्याने राहिले तर हे जेवायचं विसरतील, आणि विसरले हेही विसरतील.

"शरदराव, तुम्ही पण नाव घाला त्यांच्याबरोबर," ताई म्हणाल्या. "तुम्हाला त्यातलं काही कळतं म्हणून नाही. तुम्हाला गप्प बसवत नाही, म्हणून."

क्लास नव्या शॉपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर होता. चपला बाहेर, आत एसी, आणि देवळातही नसते अशी शांतता. दोघांत एक मशीन. शिकवायचं कामही मशीनच करणार. पडद्यावर धडा येई, खाली प्रश्न, प्रश्नाखाली चार उत्तरं. शेजारच्या शिरवणे गावातली एक चुणचुणीत मुलगी देखरेखीला असायची. त्या प्रोग्रॅमची एक खोड होती. थोडा वेळ कोणतीच कळ दाबली नाही, तर विद्यार्थी उठून गेला असं समजून तो सरळ पहिल्या धड्यावर जायचा. झालं! प्रश्न आला की साडूभाऊ डोळे मिटायचे, आणि उघडायचे तेव्हा समोर पुन्हा 'आपले स्वागत आहे'. इतकं स्वागत त्यांचं सासरीही झालं नव्हतं.

"आवो काका, दाबा ना कायतरी!" ती मुलगी कळवळायची. "तो कंटाळतंय तुमाला!"

"अगं, पण मी विचार करतोय."

"त्याला काय म्हाईत? त्याला वाटतंय तुमी घरी गेलाव!"

आणि मी? माझी पाळी आली की मी धडाधड कळा दाबत शेवटच्या धड्यापर्यंत पोचलो होतो. मशीनने मला हुशार ठरवलं होतं, आणि फाइल म्हणजे काय हे मला अजून कळलं नव्हतं. ते मला साडूभाऊंनीच सांगितलं. एकदा डोळे उघडून म्हणाले, "आत फिरून आलो. आपल्या नेरूळसारखंच आहे सगळं. आधी सेक्टर, मग बिल्डिंग, मग फ्लॅट. पण आत कायम संध्याकाळ असते आणि कुठल्याच घरात दिवा नसतो. आपण दार उघडलं की लागतो." मी पडद्याकडे पाहिलं. मला फक्त माझंच टक्कल दिसलं.

मग आम्ही युक्ती काढली. बाणाची कळ दाबली की उत्तर दिलं जात नसे, नुसती खूण वरखाली सरके. साडूभाऊ आत गेले की मी ती कळ दाबत राहायचो. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा तसा मी मशीनला हुंकार द्यायचो. मशीन खूश, साडूभाऊ निवांत. धडे भराभर मागे पडले, आणि मगच आमच्या लक्षात आलं की परीक्षेला एकेकट्यालाच बसायचं आहे.

परीक्षेच्या दिवशी ताई शाळेत रजा टाकून क्लासच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभ्या. मी काचेतून बघत होतो. प्रश्न आला. साडूभाऊंनी डोळे मिटले. माझा हात सवयीने काचेवरच टकटक करू लागला. आणि मग दिसलं, त्यांचं उजवं बोट आपोआप हलत होतं. बाण वर, बाण खाली, तंबोरा छेडावा तितकं संथ. चेहरा कुठल्या कुठे, बोट तेवढं इथे. बऱ्याच वेळाने डोळे उघडायचे, उत्तर द्यायचे, पुन्हा मिटायचे. सर्टिफिकेट मिळालं. त्या मुलीने ताईंना पेढा भरवला, की ताईंनी तिला, ते आता आठवत नाही. नागपूर टळलं.

आता साडूभाऊ निवृत्त आहेत. पण ते बोट राहिलंच. ताई बाजारातलं, शाळेतलं, सुनेचं काहीबाही सांगत असतात आणि खुर्चीच्या हातावर ते बोट हलत असतं, मधूनच मानही हलते. "पूर्वी गप्प बसायचे तेव्हा निदान कळायचं तरी, की हे इथे नाहीत," ताई परवा म्हणाल्या. "आता वाटतं ऐकतायत. अर्ध्या तासाने कळतं, मला नुसतं चालू ठेवलंय." म्हणाल्या हसतच, पण मला ते हसू नीट झेपलं नाही.

हल्ली मी त्यांच्याकडे गेलो की बाल्कनीत शेजारी बसतो आणि बोलत नाही. मला ते किती जड जातं, ते माझ्या घरी विचारा. खाडीवरून वारा येत असतो. सुरुवातीला बोट हलत राहतं, वर, खाली, माझ्यासाठी. मी काही मागत नाहीये हे त्यांना पटायला वेळ लागतो. मग बोट सावकाश थांबतं, चेहरा सैल होतो, आणि डोळे मिटून ते आत निघून जातात. मी तिथेच बसून असतो. त्या मशीनसारखी पहिल्या धड्यावर जायची मला काही घाई नसते.