दरीकडं पाठ करून

मास्तर कुणालाही उत्तर देण्याआधी एक बोट वर करायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि म्हणायचे, "दम धरा." वरात कधी निघणार म्हणून नवरदेवाच्या मामानं विचारलं, तरी दम धरा. घरून जेवायला हाक आली, तरी दम धरा. त्यांना स्वतःला दमा होता. त्यावरचा विनोद हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात सगळ्यांनी करून झाला होता, आणि सगळ्यांच्या आधी तो त्यांनीच केला होता.

त्यांचं खरं नाव सांगून उपयोग नाही, गावातही फारसं कुणाला माहीत नव्हतं. बँडचे मास्तर, म्हणून मास्तर. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. वरातीत सगळ्यांच्या पुढं, जरीच्या पट्ट्यांचा विटका लाल कोट, तोंडाला क्लॅरोनेट, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. पाहिला असेल, पण त्याचा चेहरा आठवतो का बघा. वरातीत आपण नवरदेव बघतो, नाचणारे बघतो, आणि पंगत बसली का ते बघतो.

माझं चौकात औषधाचं दुकान आहे. सेनगावच्या, हिंगोलीच्या जीपा समोरच भरतात. मास्तर दम्याचा पंप न्यायला यायचे आणि नंतर बराच वेळ बाकावर बसून राहायचे. डॉक्टरांनी त्यांना फुंकायचं कायमचं बंद करायला सांगितलं होतं.

"बंद केलं का, मास्तर?" मी विचारायची.

"केलं ना, ताई. डीजेवाल्यांनी आधीच केलं व्हतं. डॉक्टरनं नुसता शिक्का मारला."

बँड बसला तरी पावसाळ्यातलं एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. गावातला एक मिनीबसवाला दर पावसाळ्यात चिखलदऱ्याची एका दिवसाची सहल काढायचा आणि मास्तर त्या गाडीत माहिती सांगायला जायचे. फार पूर्वी परतवाड्याच्या एका लग्नाला बँड घेऊन गेले असताना ते सहज म्हणून वर डोंगरावर गेले होते. तेव्हापासून तो डोंगर त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. आमच्याकडं डोळे पोचतील तिथवर सोयाबीन आणि तूर. शेजारच्या साखऱ्याच्या, पुसेगावच्या माणसाला ढग म्हणजे वर मान करून बघायची वस्तू. मास्तर त्यांना सांगायचे, "तिथं ढग गुडघ्याला लागतेत. वलांडून जावं लागतंय."

त्या वर्षी श्रावणात मीही गेले. दुकान बंद ठेवून, चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. मास्तरांच्या पायाशी क्लॅरोनेटची काळी पेटी होती. मी पेटीकडं बघितलं तसं त्यांनी बोट वर केलं. "दम धरा. फुंकणार न्हाई. इतक्या वर्साची सवय हाय, नुसती सोबत."

गाडीत माझ्या शेजारी बंजारा तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि तिच्या सुनेनं तशी हाक मारली म्हणून अकोल्यापर्यंत सगळी गाडीच तिला याडी म्हणू लागली. आरसे लावलेली जुनी ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि बोलायला अतिशय गोड. तिच्या आज्याच्या बैलांचा तांडा असे, ती माणसं बैलांवर मीठ आणि धान्य लादून घाट चढत उतरत. याडीनं हे सगळं फक्त ऐकलेलं. तिच्या जन्मात तिनं बघितली ती शेती. परतवाडा मागं पडला, घाट लागला, तशी ती खिडकीला नाक लावून बसली आणि मला म्हणाली, "बाई, ह्या वाटनं बैल कसं चढत असतील गं?"

वर पोचलो तर चिखलदरा नव्हतंच. धुकं होतं. झाडाचा बुंधा दिसायचा, शेंडा दिसायचा नाही. समोरून माणूस यायचा तो आधी खोकला म्हणून यायचा, मग छत्री म्हणून, आणि अगदी जवळ आल्यावर माणूस म्हणून. आमच्यातले काही जण चिडले. एवढ्या लांब येऊन काहीच दिसणार नाही?

मास्तर चिडले नाहीत. कठड्याशी उभं राहून त्यांनी पांढऱ्या भिंतीकडं हात केला. "हितं समोर एक डोंगर हाय. त्याच्या मागं दुसरा, जरा निळा. दोघांच्या मधून पाण्याची धार पडून राहिली. बारीक. लेकराच्या करदोट्यावानी." ते इतकं हळू आणि मन लावून सांगत होते की सगळे त्या पांढऱ्यात बघत माना डोलवायला लागले. साखऱ्याचा एक शेतकरी तर म्हणाला, "व्हय, दिसली." माझी खात्री आहे, त्याला दिसली असणार. मलाही थोडी दिसली.

भीमकुंडापाशी त्यांनी भीमाची गोष्ट सांगितली. कीचकाला मारून भीमानं इथं हात धुतले, म्हणून कुंडाचं पाणी निळं.

"रक्तानं पाणी निळं कसं हुईल, मास्तर?" त्याच शेतकऱ्यानं विचारलं.

"दम धरा. किती जुनं रगत हाय ते. आजून लालच राहील व्हय?"

पंचबोल पॉइंटला आलो तेव्हा दुपार झाली होती, पण उजेडावरून सकाळ की संध्याकाळ ते कळत नव्हतं. इथं दरीत हाक मारली की ती पुन्हा पुन्हा परत येते. माणसं आपापल्या लेकरांची नावं घेऊन ओरडत होती आणि दरी ती नावं घोळवून परत देत होती. मास्तर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "मी पयले हितं वाजवायचो, ताई. दोन-चार सूर काढायचे न् थांबायचं. ही दरी लई गुणाची. मधीच उठून जेवाया जात न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत. दरीकडं कान देऊन उभे राहिले.

तेवढ्यात याडीची सून धावत आली. "याडी कुठं हाय? तुमच्याजवळ हाय का?"

नव्हती. चहाच्या टपरीपाशी नव्हती, गाडीत नव्हती. टपरीवाला म्हणाला, मघाशी गवळ्यांची गुरं गेली, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकून एक म्हातारी "कुणाची गुरं?" म्हणत उठली होती. कुठल्या बाजूला गेली? त्यानं धुक्याकडं हात केला. कुठल्याही बाजूला धुकंच होतं. कठडा थोडाच आहे. त्याच्या पुढं मोकळं गवत, आणि गवत संपतं तिथं कडा सुरू होतो. पायाखाली येईपर्यंत कळत नाही.

मग आम्ही सगळ्यांनी करायचं तेच केलं. ओरडलो. "याडी! ओ याडी!" पंधरा-वीस माणसं, प्रत्येक जण वेगळ्या जागेवरून. दरीनं प्रत्येक हाक उचलली आणि परत फेकली. समोरून याडी, डावीकडून याडी, खालून याडी. जराशानं आमची हाक कोणती आणि दरीची कोणती, ते आम्हालाच कळेना. सून खाली बसली आणि रडायला लागली. तिच्या रडण्याचाही आवाज परत आला.

"गप बसा!" मास्तर ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. "सगळे गप बसा. तिला सगळीकडून हाका येऊन राहिल्या. तिनं जावं कुणाकडं?"

सगळे गप झाले. मास्तर गाडीतून पेटी घेऊन आले. दरीपासून लांब, टपरीच्या मागं एक पडकी भिंत होती. तिच्या आडोशाला, दरीकडं पाठ करून ते उभे राहिले. क्लॅरोनेटचे तुकडे एकमेकांत बसवताना त्यांचे हात सराईतपणे चालत होते, श्वास मात्र आताच शिट्टीसारखा वाजत होता. मी त्यांचा दंड धरला.

"मास्तर, नको. इथली हवा बघा. तुम्हाला झेपणार नाही."

"एकच आवाज पायजे, ताई. एकाच जाग्यावरून." आणि त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

पहिल्यांदा त्यांनी वरातीची चाल धरली. लग्नात कर्कश वाटणारी ती चाल धुक्यात शिरताना मऊ झाली. दरीला ती सापडली नाही, ती परत आली नाही, नुसती पुढं जात राहिली. टपरीवाल्यानं स्टोव्ह बंद केला. मास्तर थांबायचे, पंप ओढायचे, पुन्हा वाजवायचे. मी शेजारी उभी राहून त्यांच्या ओठांचा रंग बघत होते. माझं शिक्षण मला सांगत होतं की यांना थांबव. सुनेकडं बघितलं की थांबवता येत नव्हतं.

कुणीच आलं नाही. मग त्यांनी चाल बदलली. नवरी निघताना वाजवतात ती पाठवणीची संथ चाल. आमच्या भागात ती लागली की कामातल्या बायकाही हातातलं टाकून दारात येतात. मास्तरांना आता लांब सूर धरवत नव्हता. मधेच तुटायचा, जिथं तुटला तिथूनच ते पुन्हा उचलायचे. एकदा त्यांनी भिंतीला टेकून डोळे उघडले, मला वाटलं संपलं. तरी पुन्हा फुंकलं आणि चाल शेवटापर्यंत नेली.

आणि धुक्यात काहीतरी चमकलं. आरसे होते. मग ओढणी, मग बांगड्या. याडी येत होती, अजिबात घाई न करता, आणि तिच्या मागोमाग एक तांबडी गाय चालत होती. भिंतीपाशी येऊन तिनं आम्हा सगळ्यांकडं बघितलं.

"कुणाचं लगीन हाय?" ती म्हणाली.

सून तिच्या गळ्यात पडली. साखऱ्याचा शेतकरी हसता हसता डोळे पुसायला लागला. मास्तर भिंतीला टेकत टेकत खाली बसले. त्यांना बोलता येत नव्हतं. बोट तेवढं त्यांनी वर केलं.

परतीच्या वाटेत आम्ही त्यांना परतवाड्याला डॉक्टरकडं नेलं, आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात दाखल केलं. तिथून ते घरी आले, पण चौकापर्यंत चालत येणं संपलं. पंप मी घरी पोचवू लागले. दिवाळीनंतर थंडी वाढली तसं पुन्हा हिंगोलीला न्यावं लागलं. या वेळी ते परत आले नाहीत. जुन्या बँडमधली दोन-तीन माणसं उरली होती, ती अंत्ययात्रेला आली. वाजवायचं की नाही यावर ती थोडा वेळ कुजबुजली. शेवटी कुणी वाजवलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी याडी दुकानात आली. मी तिला आत बोलावलं, पण ती बाकावर बसली. तिला मास्तर गेल्याचं कळलं होतं.

"बाई, त्येंचा जीव माझ्यापायी गेला का?"

"नाही, याडी. त्यांची फुप्फुसं केव्हाचीच खराब झाली होती. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं."

"खरं?"

"खरं." आणि ते बरंचसं खरं होतं.

 समोर एक जीप भरली आणि निघून गेली. मग ती म्हणाली, "त्या दिशी मला लई आधी ऐकू आलं व्हतं."

मला कळेना. "काय?"

"वाजवलेलं. वरातीचं व्हतं तवाच. मी गुरांपाशी व्हते. म्हणलं, चला, आपली माणसं तिकडं हायेत. निघाले बी. तेवढ्यात त्येनं दुसरं धरलं. पाठवणीचं." तिनं ओढणीवरचा आरसा अंगठ्यानं पुसला. "माझ्या लग्नात बी वाजलं असंल ते. पण मी लेकरू व्हते, रडून राहिले व्हते, मला काय ऐकू येतंय? तिथं कुणीच नव्हतं, बाई. नुसतं ढग न् ते. माझे पायच उचलंनात. म्हणलं, संपू दे, मंग जाऊ. उभीच राहिले."

मला त्यांचे निळे पडत चाललेले ओठ आठवले. सूर तुटला की पुन्हा उचलणं आठवलं. 

"त्येला सांगितलं मी," याडी म्हणाली. "हिंगोलीला जाऊन. दुसऱ्या बारीला व्हता तवा. म्हणलं, दादा, माझं चुकलं, तू तिकडं फुंकून राहिला न् मी हिकडं ऐकत उभी."

"मग? रागावले?"

"न्हाई. तोंडावर ती हवेची नळी व्हती, बोलता येत नव्हतं. लई येळ माझ्याकडं बघितलं. मंग नळी बाजूला करून एवढंच इचारलं, कुठवर ऐकलं? मी म्हणलं, शेवटपर्यंत. सगळं."

 मग तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तळवा वर केला.

"मंग त्येनं माझा हात असा धरला," ती म्हणाली, "न् त्याच्यावर बोटं हलवली. बारीक बारीक. वाजवतेत तशी. आवाज काईच न्हाई. मी बसून राहिले, त्येचं व्हईस्तोवर."

आणि तिची खरबरीत बोटं माझ्या तळव्यावर, आठवेल तशी, हळूहळू हलू लागली.