लिंबाजीच्या कळपामागे जनकाताई

माझी नणंद जनकाताई नर्स होती, पण लसी टोचून संध्याकाळी वेळेवर घरी येणारी नर्स नव्हे. तिच्याकडे मनाची दुखणी होती, आणि ती दुखणी दवाखान्यात येत नसत म्हणून हीच त्यांच्या दारी जायची. वसमतला आमच्या गल्लीत तिला सरळ ‘येड्यांची शिस्टर’ म्हणत. माझं डोकं फिरायचं. ती मात्र हसून म्हणायची, “म्हणू दे गं. शहाण्यांना नाहीतरी माझा काय उपयोग?”

माझे सासरे भिवाजी वखारीत हमाली करायचे. त्यांनी पोटाला चिमटा काढून लेकीला नर्सिंगला घातलं. आधी ती मोठ्या दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डात होती. तिथे तिचं मन रमलं नाही. माणसं दोरखंडानं बांधलेली यायची, बरी होऊन घरी जायची आणि औषध सुटलं की पुन्हा बांधलेलीच यायची. हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर एका संस्थेनं गावांमध्ये हे काम सुरू केलं, तेव्हा हिनं चांगली नोकरी सोडली. मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही.

शिरड शहापूरच्या कडेला लिंबाजी नावाच्या मेंढपाळाचं घर होतं. त्याचा विशीतला पोरगा परमेश्वर एकटाच बडबडायचा, कानात कोणी बोलतंय म्हणायचा. एकदा त्या आवाजाचं ऐकून त्यानं अख्खा कळप कालव्याच्या पाण्यात घातला. कितीतरी मेंढरं वाहून गेली. त्या दिवसापासून परमेश्वर अंगणातल्या लिंबाला साखळीनं बांधलेला होता.

ताई पहिल्यांदा गेली तेव्हा पोराची आई सिंधूबाई हिनं आमची जात विचारली आणि पाणी वरूनच ओंजळीत ओतलं. मी असते तर तो तांब्या तिथेच उपडा केला असता. ताई ते पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि विचारलं, “पोराला झोप लागते का हो मावशी?” सिंधूबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

लिंबाजीचं म्हणणं रोखठोक होतं. दिवाळी झाली की तो कळप घेऊन बाहेर पडायचा, तो मृगाच्या तोंडाला परतायचा. गावोगावच्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं आणि यांना धान्य.

“तवरोक सुधरला तर संगं नेतो,” तो म्हणाला. “न्हाईतर ऱ्हाईल इथंच, मृगापर्यंत साखळीला. पुन्यांदा कळप बुडवून घ्यायची माझ्यात ताकद न्हाई, बाई.”

दिवाळीला फारसा अवकाश नव्हता. ताईनं महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना गाडीत घालून थेट त्या लिंबाखाली आणलं. त्यांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. रोज रात्री एक, असं ताईनं नवरा-बायको दोघांनाही समजावलं. दोघांनी माना डोलावल्या.

तिसऱ्याच दिवशी गावातून फोन आला, औषधानं पोरगं मरून राहिलं म्हणून. ताई हातातला घास टाकून उठली. गेली तर अंगणात ही गर्दी. परमेश्वरची मान एका बाजूला पिळवटली होती, डोळे वर लागले होते, जीभ आत जाईना. लोक म्हणत होते देव कोपला, आणि दोघंचौघं हिच्याकडे बघून बाह्या सरसावत होते. ताईनं नाडी पाहिली, डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून इंजेक्शन दिलं. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. गर्दीतलं कोणी घरी जाईना. हळूहळू मान सैल झाली, सरळ झाली, आणि परमेश्वरनं पाणी मागितलं.

मग ताईनं गोळ्यांचं पाकीट पाहिलं. ते रिकामं होतं. लिंबाजीनं सगळ्या गोळ्या कुटून, पाण्यात कालवून, बांबूच्या नळीनं पोराच्या घशाखाली उतरवल्या होत्या.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. “त्या बापाला दोन शब्द सुनावलेस की नाही?”

“काय सुनावू? मेंढराला जंताचं औषध तो असंच पाजतो. एकदाच, नळीनं, पुरतं. त्याला ठाऊक असलेल्या औषधाची रीत हीच. उलट मेंढराइतक्याच काळजीनं पाजलं त्यानं.”

त्याला तिनं एवढंच विचारलं होतं, “मामा, मेंढरांना मीठ देता ना?”

“देतो की. बराबर देतो, सुटू देत न्हाई.”

“एकदाच पोतंभर घालून वर्षभर पुरतं का?”

लिंबाजीनं रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, “म्हंजे हे मिठासारखं हाय तर.”

“व्हय मामा, मिठासारखं.”

दवाखान्यात काही दिवस ठेवून डॉक्टरांनी औषध बदललं. महिन्याला एक इंजेक्शन, ताईनं जाऊन द्यायचं. परमेश्वर झोपू लागला, आईच्या हातून जेवू लागला. आवाज येतात पण लांबून येतात, म्हणाला. दिवाळीच्या आधी लिंबाजीनं स्वतः साखळी काढली. तरी संगं न्यायचं म्हटलं की तो कच खायचा. “पुन्ना बिघडलं तर रानात मी एकटा काय करू?” ताईनं शब्द दिला की कळप जिथे असेल तिथे ती महिन्याला येईल. त्या शब्दावर बाप-लेक निघाले.

पहिल्या दोन खेपा सुरळीत झाल्या. लिंबाजी ठरल्या बाजारी निरोप ठेवायचा, ताई त्या गावाला जायची. तिसऱ्या महिन्याला निरोपच नाही. ताईनं सिंधूबाईला विचारलं, तिलाही काही ठाऊक नव्हतं. इंजेक्शनचा दिवस टळला. ताईचा जीव टांगणीला लागला. ताट पुढे घेऊन नुसती बसायची. “मीच पाठवलं गं त्याला,” म्हणायची. “कालव्याचा मुलूख आहे सगळा.”

कळप कुरुंद्याकडे दिसल्याचं कोणी तरी सांगितलं. पिशवीत इंजेक्शन घेऊन ती एकटी निघाली, म्हणून मीही भाकरी बांधून तिच्या मागोमाग गेले. एसटीतून उतरून आम्ही कालव्याच्या कडेनं चालत होतो. ताई सारखी पाण्याकडे बघत होती. तिला धीर द्यावा असं मला वाटत होतं, पण माझीही नजर पाण्यावरून हलेना.

एका मळ्यात हिरासिंग नावाचा शेतकरी कढईत हळद शिजवत होता. ताईनं विचारलं, “दादा, इकडे मेंढरं बसलीत का? बाप-लेक आहेत. पोरगं आजारी आहे.”

“मेंढरं हायत की, माझ्याच रानात. बाप-लेकच हायत.” त्यानं कपाळाचा घाम पुसला. “पन आजारी कोनी न्हाई. पोरगं तर लई कामाचं. काल तीन मेंढ्या विताना अडल्या व्हत्या, त्यानंच सोडवल्या. तुमी दुसरा कळप हुडकून राहिल्या, बाई.”

ताईचा चेहरा उतरला. ती मागे वळणार, तेवढ्यात बांधावरून हाक आली, “शिस्टर!”

परमेश्वर दोन्ही काखेत एकेक कोकरू घेऊन धावत येत होता. मागून लिंबाजी.

“मीच येनार व्हतो वसमतला,” परमेश्वर धापा टाकत म्हणाला. “पन पिलं चालंनात, बाजारालाबी जाता आलं न्हाई. त्येंना टाकून कसं येऊ? सुई आनली का?”

ताईनं पिशवी छातीशी धरली आणि मान डोलावली.

हिरासिंग एकदा पोराकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिला. “हेच का ते? मंग आजारी कोन?”

ताईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेवटी मीच म्हणाले, “कोणी नाही, दादा. आमचंच चुकलं.”