टपावरचे दिवे

खिंडीपलीकडे मोबाइल लागत नाही आणि माझी लेक आठवड्यातले निम्मे दिवस तिथेच असते. उन्हं कलली की माझा जीव टांगणीला लागतो. इतकी वर्षं झाली, तरी सवय होत नाही.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं. आता ती डोंगरातल्या दवाखान्यांना औषधं पोचवणारी जीप चालवते. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावते, कुणाकडे पाहुणी गेली तरी. जेवते उभ्याउभ्या. लसींची पेटी मात्र तान्ह्या बाळाला जपावं तशी सावलीत ठेवते. लग्नाचा विषय काढला की म्हणते, "मागच्या सीटवर बसायला तयार असेल तर विचार त्याला."

जीपमध्ये वायरलेस आहे. सगळ्या गाड्यांना मिळून बोलायची वाट एकच, त्यामुळे मधेच कुणी बोलायचं नाही असा दंडक. संध्याकाळी कार्यालयातले वायरलेसवाले काका एकेका गाडीला हाक मारतात आणि ज्याला हाक येईल त्यानेच बोलायचं. भिंगरीने उत्तर दिलं की काका लगेच मला फोन करतात. "वहिनी, चढली माथा. चहाचं आधण ठेवा." हे त्यांच्या कामात बसत नाही, माझे सारखे येणारे फोन टाळायला त्यांनीच काढलेला तोडगा आहे हा.

मध्यंतरी खोकी वाढली म्हणून जीपच्या टपावर लोखंडी कॅरिअर बसवलं. टपाच्या मधोमध असलेली वायरलेसची एरियल त्यासाठी मागच्या कोपऱ्यात सरकवली. तेवढ्यात मी हट्ट धरला, की आता चांगले प्रखर दिवेही बसवून घे, धुक्यात समोरचं दिसायला नको का? "आई, जीप आहे, सर्कस नाही," म्हणाली, पण बसवले. माथा आला की आधी दिवे लावीन, असं मी तिच्याकडून वदवूनही घेतलं.

तेव्हापासून काकांचे फोन चुकायला लागले. ताई उत्तरच देत नाहीत, असं काका म्हणायचे. भिंगरी म्हणायची, काका मला हाकच मारत नाहीत, म्हातारपणी विसरायला लागलेत. एका संध्याकाळी तर काका हाका मारून थकले. मी ओट्यापाशी फोन हातात घेऊन उभी. अंधार पडल्यावर बाईसाहेब शीळ घालत दारात हजर, आणि माझा चेहरा बघून उलट मलाच विचारते, काय झालं?

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मी तिच्या साहेबांना भेटले. तिला शहरातली फेरी द्या म्हटलं. भला माणूस, लगेच कबूल झाला.

पण भिंगरीच्याही डोक्यात किडा वळवळत होता. दुपारी वरच्या दवाखान्यापाशी काकांचा आवाज स्वच्छ येतो, मग संध्याकाळीच काय होतं? सुट्टीच्या दिवशी तिने मला जीपमध्ये घातलं आणि थेट खिंडीत नेलं. तो रस्ता मी पहिल्यांदाच पाहिला. वळणं बघून मी डोळे मिटले, पण तिचे हात इतके निवांत चालत होते की थोड्या वेळाने उघडलेसुद्धा. एका वळणावर समोरून ट्रक आला. ती आधीच कडेला थांबून त्याची वाट बघत होती.

माथ्यावर, तिने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, काकांनी हाक मारली. आवाज बारीक, पण कळत होता. तिने दिवे लावले. नुसती खरखर. विझवले. काका विचारत होते, ताई, आहात का?

तिने पुन्हा लावले, पुन्हा विझवले. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटली. "म्हणजे तू सांगितलंस म्हणून मी दिवे लावायचे, आणि दिव्यांपायी काका बिचारे घसा फोडायचे."

तिने एरियल कोपऱ्यातून काढून कॅरिअरच्या गजांच्या वर, उंच घेतली. दिव्यांची वायर एरियलला चिकटूनच गेली होती, ती दुसऱ्या बाजूने फिरवून घेतली. आज त्यानंतरची पहिली फेरी होती. वर दाट धुकं, दिवे लावलेले, आणि काकांचा फोन वेळेवर आला. "वहिनी, घ्या, तुमची भिंगरी खणखणीत बोलली." मी खाली बसले आणि मनसोक्त रडले. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

आता ती आत गाढ झोपली आहे, आणि मला आठवतंय की साहेब उद्या तिच्या बदलीचा कागद काढणार आहेत. गप्प राहिले तर ती रोज दिवेलागणीला घरी असेल. मोह होतो, खोटं कशाला बोलू? पण त्या वळणावर थांबलेली ती डोळ्यांपुढून हलत नाही. शहरात तिला सिग्नलपाशी ताटकळत बसलेली बघायची नाही मला.

साहेब कार्यालयात लवकर येतात. ते खुर्चीत टेकायच्या आत फोन करायचा आणि सांगायचं, तो कागद काढू नका, माझी लेक डोंगरावरच राहू दे.