चेरीचं झाड आणि नॅडीनचं गाणं

आमच्या गावात ऑर्विल क्रेब्सला कुणी काही विचारत नसे. विचारलं की तो खरं सांगे.

शाळेत बाईंनी गोष्ट सांगितली होती: छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनने वडिलांच्या लाडक्या चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि विचारल्यावर म्हणाला, ‘बाबा, मला खोटं बोलता येत नाही.’ आम्ही सगळ्यांनी ती ऐकली आणि घंटा होताच विसरलो. ऑर्विलने त्या गोष्टीशीच संसार मांडला. जुन्या गाड्या विकायचा, तर गिऱ्हाइकाला आधी बिघाड दाखवायचा. धंदा बसला. लग्नाच्या नव्या नवलाईत बायकोने, नॅडीनने, लाडात विचारलं, “माझा आवाज कसा वाटतो रे?” हा म्हणाला, “बेसूर.” एक घाव दोन तुकडे.

माहेरी ही बाई गायींच्या धारा काढतानाही गायची. त्या दिवसापासून चर्चमध्ये गाण्याच्या वेळी ओठ मिटून उभी राहू लागली. पियानो मी वाजवते, त्यामुळे मला समोरच दिसायचं: पुस्तक उघडं, बोट ओळीवर, तोंड बंद. मला ऑर्विलचा भयंकर राग यायचा.

यंदा फेब्रुवारीत, वॉशिंग्टनच्या जयंतीनिमित्त असते त्या राष्ट्राध्यक्ष दिनाच्या सुट्टीला, चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे ‘चेरी पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थाची पंगत बसली. वाचनालयाच्या ऑडेटबाईंनी भाषण केलं. वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती असं सगळे सांगतात, पण तिच्यात लाकूड नव्हतंच, म्हणाल्या. हस्तिदंत होतं, माणसांचे दात होते. लोक खातच राहिले. मग म्हणाल्या, चेरीच्या झाडाची गोष्ट तो वारल्यावर एका चरित्रकाराने छापली, तिला काही आधार नाही.

ऑर्विलने काटा खाली ठेवला. “म्हणजे झाड तोडलंच नाही?”

“तोडल्याचा पुरावा नाही.”

“आणि कबूल केलं ते?”

“झाडाचाच पत्ता नाही, तर कबुली कसली, ऑर्विल?”

“म्हणजे इतकी वर्षं मी एका थापेपायी गप्प बसले,” नॅडीन म्हणाली. ती हसत नव्हती.

समारोपाच्या गीताला सगळे उठले. मी पियानोवर बसले. नॅडीन नवऱ्याकडे वळली. “पुन्हा विचारते. माझा आवाज कसा आहे?”

ऑर्विलला घाम फुटला. सवय नव्हती बिचाऱ्याला.

“गोड,” तो म्हणाला. “फार गोड.”

“मेल्या, खोटारड्या,” ती म्हणाली, आणि गाऊ लागली.

ऑर्विलचं मूळ मत अगदी बरोबर होतं. पण शेवटचं कडवं संपत आलं तसा तिचा उतरत चाललेला चेहरा मला पाहवेना, म्हणून मी गीत पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.