काचेच्या कपाटातली राख

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. पेट्रोल मिळेना म्हणून मळीपासून स्पिरिट काढायचं काम जोरात होतं. स्पिरिट निघाल्यावर जे काळं, आंबूस पाणी उरे ते सरळ ओढ्यात सोडलं जाई. ओढ्याकाठी पंधरा-वीस घरांची वस्ती होती, तिला विहीर एकच. आमच्या मोठ्या साहेबांना हे ठाऊक होतं. वारा तिकडून आला की ते खिडकी लावून घेत.

मोठे साहेब म्हणजे मुख्य केमिस्ट. दोन वर्षं विलायतेत काढून आले होते आणि रसायनशास्त्रापेक्षा टाय बांधायला जास्त चांगलं शिकले होते. जर्मनीहून येणारं खताचं पोटॅश तेव्हा बंद झालं होतं आणि या काळ्या पाण्यात ते भरपूर असतं. पाणी आटवून जाळलं तर खताजोगी राख मिळते, हे मी कढईत करून दाखवलं. ओढा वाचला असता, उसाला खतही झालं असतं. साहेबांनी शाबासकी दिली, जळण किती लागेल ते ऐकून हसले, आणि राख एका सुरेख बाटलीत भरून काचेच्या कपाटात ठेवली. मग जो पाहुणा येई त्याला ती दाखवून सांगत, आमच्याकडे काही वाया जात नाही. पाहुणेही असे शहाणे, की माना डोलवत आणि नाकाला रुमाल लावून मोटारीत बसत. वास कसला, हे एकानेही विचारलं नाही.

एकदा वस्तीवरचा एक म्हातारा तांब्यात विहिरीचं पाणी घेऊन आला. पाणी लालसर, घाण वासाचं. ढोरं तोंड लावत नाहीत, बाया कोसभर लांबून पाणी आणतात, असं त्याने उभ्यानेच सांगितलं. साहेबांनी त्याला बसही म्हटलं नाही. बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, त्या पाण्याचं आम्ही हे करतो. म्हातारा देवाकडे बघावं तसा बाटलीकडे बघत राहिला.

"सायेब, त्यातलं चिमूटभर द्या की," तो हात जोडून म्हणाला. "हिरीत टाकून बगतो."

साहेबांना हसू आवरेना. याला पुडी बांधून दे, असं त्यांनी मला सांगितलं.

ती राख म्हणजे त्याच घाणीतला खार. तिने पाणी सुधारणार नव्हतं, हे मला पुरतं माहीत होतं. पण नोकरी प्यारी होती. मी पुडी बांधली. साहेबांना मी जन्मभर नावं ठेवली, पण त्यांच्या थट्टेला हात माझे लागले होते.

आठ दिवसांनी म्हातारा परत आला, सोबत पेरूंची पाटी घेऊन. सायेबाचं औषध पडलंय म्हणून बायांनी लांब जाणं बंद केलं होतं. सगळी वस्ती तेच पाणी पीत होती.

"चव अजून सुदारली न्हाई," तो म्हणाला. "पुडी बारकी पडली असंल. जरा मोठी द्या."

साहेब त्या दिवशी नगरला गेले होते. मला अडवणारं कोणी नव्हतं. पण आता खरं बोलायचं तर पहिल्या पुडीचंही सांगावं लागलं असतं.

मी मोठी पुडी बांधून दिली.