उसना फाटका सदरा

एम.एस्सी.साठी मी बंगलोरला आलो तेव्हा माझ्याजवळ पहिल्या वर्गाची पदवी होती, एक पत्र्याची ट्रंक होती आणि वडिलांनी शिवलेला लोकरी कोट होता. वडील आमच्या बेळगावकडच्या गावात शिंपी होते. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. धारवाडला माझ्या विषयाची जागा मिळाली नाही, बंगलोरला मिळाली, एवढ्यावर मी गाडीत बसलो होतो.

गावच्या ओळखीचे एक कारकून चामराजपेटेत राहत. त्यांनी पडवीत पथारी टाकू दिली, पण महिनाअखेरपर्यंतच, कारण पुढे त्यांच्या सासुरवाडीची माणसं यायची होती. तोवर सोय झाली नाही तर शिक्षण सोडून परत जायचं, हे ठरलेलं होतं.

विद्यापीठात विद्यार्थ्यांना मदत भरपूर होती. ती नेमकी कुठे आहे, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं. प्राध्यापकांनी मला ऑफिसात पाठवलं, ऑफिसनं सूचनाफलकाकडे. काचेच्या कुलूपबंद पेटीत शिष्यवृत्त्यांच्या तीन सूचना होत्या आणि तिन्हींची मुदत उलटून गेली होती. मी तसं सांगितल्यावर ऑफिसातल्या कारकुनानं मला शांतपणे समजावलं, की मुदतीआधी सूचना लावली तर फार अर्ज येतात.

शेवटी वर्गातल्या एकानं एका वसतिगृहाचा पत्ता दिला. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यांनी ते चालवलं होतं. फुकट खाट, दोन वेळचं जेवण. आणि पाटीवर अट एकच, विद्यार्थी ‘गरीब व होतकरू’ असावा. मला वाटलं, हे तर माझंच वर्णन.

चार मोठ्या माणसांपुढे जाताना कोट घालायचा, असं वडिलांनी बजावलं होतं. मी घातला. समितीत पाच वयस्कर गृहस्थ होते. अध्यक्षांची हेब्बाळकडे द्राक्षांची बाग होती. त्यांनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली, कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि कुणी शिवला ते विचारलं. मी अभिमानानं वडिलांचं नाव सांगितलं.

“मग तुला कमी काय आहे?” अध्यक्ष म्हणाले.

होतकरू आहे, पण गरीब नाही, असा निकाल झाला. स्वल्प विचार करून कळवू, असं चिटणीस म्हणाले. त्या कोटाचं अस्तर सात गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचं होतं. ते उलटून दाखवावं, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी हात धजावला नसता.

मागच्या दारी वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई तांदूळ निवडत होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. माझा चेहरा पाहून त्यांनी कॉफी दिली आणि सगळी हकीगत काढून घेतली.

“कोट घालून मागाय येतात काय रे, तम्मा?” धाकट्या भावाला विचारावं तसं त्या म्हणाल्या. “शनिवारी पुन्हा बसतात ते. फाटकं घालून ये. कागद वाचायला त्यांना चष्मा लागतो, फाटकं तसंच दिसतं.”

विद्यापीठात दोन आठवड्यांत मिळाली नाही एवढी माहिती मला त्या एका कॉफीत मिळाली. अडचण एकच होती. शिंप्याच्या घरात फाटका सदरा येणार कुठून? मी माझाच एक फाडायला घेतला, पण वडिलांची टीप उसवेना, आणि खरं तर मलाही उसववेना. अक्कांनी वसतिगृहातल्या एका मुलाला हाक मारली. त्याच्याकडे खांद्यावर वीतभर फाटलेला सदरा होता. त्या सदऱ्यावर तो स्वतः आत आला होता आणि त्यानंतर आणखी तिघांना त्यानं आत आणलं होतं.

शनिवारी अध्यक्ष त्या फाटीकडे बराच वेळ पाहत राहिले. तिची त्यांना कुठेतरी ओळख वाटत असावी. मग म्हणाले, “सरी, बरोबर, असा मुलगा पाहिजे.” मला खाट मिळाली. तिच्यावर झोपून मी एम.एस्सी. झालो, तिचे उपकार मी आजही मानतो. वार्षिक समारंभात आम्हा मुलांना देणगीदारांपुढे उभं करत. माझ्या पहिल्या समारंभाआधी चिटणिसांनी मला बाजूला घेऊन, तोच सदरा घालण्याची आठवण करून दिली.

घरच्या पत्रात मी ‘समारंभात माझं नाव घेणार आहेत’ एवढंच लिहिलं होतं. वडिलांना तो सत्कार वाटला. न कळवता ते समारंभाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले, तेव्हा मी फाटका सदरा घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्यांनी खांद्यावरची फाट पाहिली. टोपीतली सुई काढली.

“काढ तो,” ते म्हणाले.

“आबा, इथं फाटकाच लागतो. नाहीतर खाट जाईल.”

“जाऊ दे. माझ्यादेखत नाही.”

अक्कांनी दोरा आणून दिला. अर्ध्या तासात वडिलांनी असा रफू केला, की बोट फिरवूनही फाट सापडेना.

व्यासपीठावर चिटणीस माझ्याविषयी वाचत होते, ‘अंगावर धड वस्त्र नसतानाही’ वगैरे. अध्यक्षांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं. सदरा बदललास का, असं त्यांनी हळूच विचारलं. नाही, वडिलांनी रफू केला, मी म्हणालो. मागच्या रांगेत वडील ताठ बसले होते, हाताची घडी घालून.

पुढच्या आठवड्यात माझ्या खाटेच्या प्रश्नावर समितीची सभा झाली. अक्का चहा द्यायला आत जात, त्यामुळे सगळं कळलं. दोघांचं म्हणणं पडलं की मुलाची परिस्थिती सुधारली आहे. अध्यक्षांनी विचारांती सांगितलं, की रफू करून घालतो म्हणजे नवा घेण्याची ऐपत नाही, म्हणजे गरीबच. खाट राहिली.

सदऱ्याचा मालक मात्र महिनाभर माझ्याशी बोलला नाही. जूनमध्ये नवी मुलं येणार होती, आणि वसतिगृहात फाटका सदरा एकही उरला नव्हता.